धुकं आहे तोवर

शांपान्य आघाडी,
ऑक्टोबर १९१७

प्रिय ओदील,

आज धुकं पडलंय. इतकं दाट, की शेडच्या दारात उभं राहिलं तर चार पावलांवरचं स्वतःचं विमान दिसत नाही. आमच्याकडे धुकं म्हणजे सण. कॅप्टन दुव्हाल बाहेर येऊन आभाळाला शिव्या घालतात आणि आम्ही सगळे चेहरे पाडून उभे राहतो, जणू उडायला मिळालं नाही म्हणून आमचा जीव तुटतोय. साहेबांची पाठ वळली की कुणी कॉफी चढवतो, कुणी पत्ते काढतो आणि माझ्यासारखा एखादा बायकोला पत्र लिहायला बसतो. धुकं आहे तोवर मी लिहिणार. दुपारपर्यंत टिकलं तर बरं, कारण सांगायचं बरंच आहे, आणि मला सरळ मुद्द्यावर यायला जमत नाही हे तुझी आई लग्नाच्या दिवसापासून सांगत आलीय.

तुझं पत्र मिळालं. पेरीननं दुकानातल्या सायकलच्या साखळीचं काळं ग्रीस गालाला फासून 'मी बाबा झाले' म्हटलं, ते वाचून मी इतका हसलो की शेजारच्या खाटेवरून बूट आला. तिला रागावू नकोस. पोरीनं बापाला बरोबर ओळखलंय. मी सायकली दुरुस्त करायचो तेव्हा ग्रीसनं माखलेला असायचो, आता एरंडेलानं माखलेला असतो. आमच्या इंजिनाला वंगण म्हणून एरंडेलच लागतं, आणि ते इंजिन फिरता फिरता अर्धंअधिक आमच्या तोंडावर फेकतं. लहानपणी आई नाक दाबून एक चमचा पाजायची, इथे सरकार फुकटात पोटभर पाजतं. उतरल्यावर आम्ही फ्रान्सचे शूर वैमानिक पहिलं काय करतो, तर पँट सावरत शेडमागे पळतो. वर्तमानपत्रात हे छापत नाहीत.

आजवर मी तुला असंच लिहीत आलो. एरंडेल, पत्ते, कोंबडीचं कालवण बिघडलं, कुणाच्या कुत्र्यानं साहेबांचा हातमोजा पळवला. तू मागच्या पत्रात लिहिलंस, 'तुमची तिथे मजा चाललीय, मी इथे रडतेय कशाला कुणास ठाऊक.' तो टोमणा मला बरोबर लागला. तर ऐक. मजा नाही. मला भीती वाटते, ओदील. रोज वाटते, आणि सवय होईल म्हणतात ती होत नाही. उजाडायच्या वेळी मेकॅनिक खांद्याला हात लावतो तेव्हा डोळे उघडायच्या आधी मी कानांनी बघतो, पाऊस वाजतोय का. नसेल वाजत तर उठावंच लागतं. बुटाचे बंद मी दोनदा सोडून परत बांधतो. पाव कोरडा गिळवत नाही, सगळे कॉफीत बुडवून कसाबसा ढकलतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. वर गेल्यावर थंडीनं आणि भीतीनं एकाच वेळी दात वाजतात, त्यामुळे कुठलं कशानं ते कळत नाही.

मरणाचं एक वेळ मी समजू शकतो. पण आमची विमानं म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, कापड आणि त्यावर रोगण. पेट्रोलची टाकी माझ्या पायांपाशी असते. एक गोळी लागली की सगळं पेटतं, आणि खाली यायला वेळ लागतो. फुग्यात बसून टेहळणी करणाऱ्यांना हवाई छत्री देतात, फुगा पेटला तर उडी मारायला. आम्हाला देत नाहीत. म्हणतात, जड होते. म्हणतात, छत्री असली तर पोरं विमान लवकर सोडतील. आमच्यातले बरेच जण छोटं पिस्तूल घेऊन उडतात. मीही घेतो. कशाला, ते विचारू नकोस, तुला कळलंय. जुलैमध्ये मी आमच्यातल्या एकाला तसं पेटून खाली जाताना पाहिलं. त्या रात्रीच्या पत्रात मी तुला कुत्र्याची आणि हातमोज्याची गोष्ट लिहिली होती.

मी आघाडीवर निघालो तेव्हाचं स्टेशन तुला आठवतं ना? तू म्हणालीस, 'मला बिल्ले नकोत, पदकं नकोत. शेजारणीला दाखवायला मला फोटोतला वीर नको. मागे यायची पहिली संधी मिळाली की यायचं. लाज वाटली तरी यायचं.' आणि माझा हात धरून पेरीनच्या डोक्यावर ठेवलास. ती टोपीची लेस चघळत होती. मी शब्द दिला. तेव्हा तो देताना मला जड वाटला नाही, कारण कुठल्या माणसाला घरी यायचं नसतं? तो शब्द मी रोज खिशातल्या चाकूसारखा चाचपत आलोय. त्याच्याचसाठी आजचं हे पत्र आहे, पण आधी तुला लेओंस समजायला हवा.

लेओंस ब्रेतान्यच्या किनाऱ्यावरचा कोळी. सहा फूट उंच, लालसर मिशा, आणि समुद्रावर ओरडायची सवय असल्यामुळे कानात सांगितलेलं गुपितसुद्धा पलीकडच्या शेडला ऐकू जाईल असा आवाज. तो इथे यायच्या आधी खंदकात होता. त्याचे दोन्ही भाऊ तिथेच राहिले, एक तर त्याच्या शेजारीच चिखलात गाडला गेला. कसा ते त्यानं एकदाच सांगितलं. त्याला आगीची भीती नाही, उंचीची नाही. फक्त परत खंदकात पाठवतील याची आहे. झोपेत किंचाळतो तो तेच. जागेपणी मात्र माझी टिंगल करणं हा त्याचा धंदा. 'अरे सायकलवाल्या, पायडल मार, पायडल, मागे पडलास' असं तो हवेत हातवारे करून मला सांगतो. आवाज येत नाही, पण मला शब्द न् शब्द कळतो.

आमच्याकडे एक रीत आहे. मशीनगनची काडतुसं प्रत्येक जण आपली आपण तपासतो. हे काम कुणी मेकॅनिकवर सोडत नाही, मित्रावरही नाही. संध्याकाळी लांब टेबलाशी सगळे बसतात, एकेक काडतूस उजेडात धरून फिरवून बघतात, आणि जरासा पोचा आलेलं, वाकलेलं, फुगलेलं बाजूला टाकतात. कारण तेवढं एक पट्ट्यात राहिलं तर गन अडकते, आणि वर गन अडकली की तुझ्याकडे समोरच्याला दाखवायला फक्त पाठ उरते. तांदूळ निवडणाऱ्या बायकांसारखे आम्ही बसतो, गप्पा मारत. लेओंस माझ्या समोर बसतो. सगळ्यांत वेगानं त्याचं काम आटपायचं, आणि मग तो माझ्या ढिगातलं एखादं उचलून म्हणायचा, 'हे रे काय ठेवलंस? तुझ्या सासूला भेट द्यायचंय का?'

ऑगस्टमध्ये माझं इंजिन हवेत बंद पडलं. हे मी तुला लिहिलं नव्हतं. जर्मनांच्या बाजूला बरंच आत होतो. पंखा थांबला आणि इतकी शांतता झाली की तारांमधून वाहणारा वारा ऐकू यायला लागला. असं विमान म्हणजे पंख तुटलेलं पाखरू, वरून तीन जर्मन लगेच उतरले माझ्यावर. मी तरंगत आपल्या बाजूला येतोय, वळता येत नाही, पळता येत नाही, मान खांद्यात खुपसून बसलोय आणि गोळ्या लागायची वाट बघतोय. लाज वाटते सांगायला, पण आईला हाक मारत होतो, तुला नाही. लागलं काहीच नाही. लेओंस माझ्या आणि त्यांच्या मध्ये आला होता. झाडांच्या शेंड्यांपर्यंत, आपले खंदक पार होईपर्यंत तो मध्येच राहिला, इकडून तिकडे फिरत, त्यांना माझ्यापर्यंत येऊ न देता. मी एका बीटच्या शेतात आपटलो आणि चालत निघालो. संध्याकाळी तळावर पोचलो तर तो पायरीवर बसला होता. त्याच्या विमानाची पुढची काच फुटून गेली होती आणि डावा डोळा लाल होऊन सुजला होता. मी विचारलं, तर म्हणाला, 'एरंडेल गेलं रे. तुझी वाट बघून बघून डोळे आले म्हण हवं तर.' मी त्याला मिठी मारली आणि त्यानं मला ढकलून दिलं, की बीटचा वास येतोय, आधी अंघोळ कर.

आता खरी बातमी. मागच्या आठवड्यात कॅप्टनसाहेबांनी मला बोलावलं. समुद्राकाठी नेमबाजीची शाळा आहे, नव्या वैमानिकांना मशीनगन शिकवतात तिथे एक शिकवणारा हवाय. उडायचं नाही. जमिनीवर उभं राहून शिकवायचं, गन अडकली तर कशी सोडवायची, काडतुसं कशी निवडायची. आमच्या तुकडीतून एकच माणूस जाणार. साहेब म्हणाले, 'तुझे हात चांगले आहेत आणि तुला मूल आहे. तुझं नाव देतोय.' ओदील, मी बाहेर आलो आणि शेडमागे जाऊन ओकलो, इतका आनंद झाला. त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो. सकाळी मेकॅनिकनं हलवलं तेव्हा पहिल्यांदा मी पावसाचा कानोसा घेतला नाही. दिवसभर डोक्यात तेच, तिथे एक खोली भाड्यानं घ्यायची, तुला आणि पेरीनला बोलवायचं, रविवारी कालवं खायची. पेरीननं समुद्र पाहिलेला नाही. तिला तो कसा दाखवायचा याचासुद्धा मी विचार करून ठेवला, एकदम नाही, खांद्यावर बसवून, डोळे मिटायला लावून.

मग लेओंसची गन वर अडकली. तो कसाबसा निसटून आला, आणि उतरल्यावर कारखानेवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याच्या मेकॅनिकनं अडकलेलं काडतूस काढून दाखवलं. मी ते हातात घेतलं. त्याला असा पोचा होता की पेरीनलासुद्धा दिसला असता. त्या संध्याकाळी टेबलाशी मी माझ्या काडतुसांकडे बघत नव्हतो, लेओंसकडे बघत होतो. तो काडतुसं उजेडात धरत नव्हता. अंगठ्याच्या नखानं चाचपत होता, आणि मोठमोठ्यानं बोलत होता, म्हणजे कुणाचं लक्ष हाताकडे जाऊ नये. पेला डावीकडे होता, त्याला धक्का लागून वाइन सांडली. 'टेबल वाकडं आहे' म्हणाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो उतरताना मी बघत उभा राहिलो. जमीन आहे त्याहून माणूसभर वर आहे असं समजून त्यानं विमान आडवं केलं आणि ते धपकन खाली आदळलं. चाक गेलं. एका डोळ्याच्या माणसाला खोली आणि अंतर कळत नाही, हे सायकलच्या शर्यतीत मी पाहिलेलं आहे, वळणावर असाच पडतो तो. आणि त्या क्षणी मला ऑगस्टमधली ती फुटलेली काच आठवली. एरंडेल नव्हतं. काच गेली होती डोळ्यात. त्यानं ती स्वतः काढली असेल, आरशात बघून, आणि डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर त्याला विमानातून उतरवणार आणि परत पायदळात ढकलणार. आणि मला सांगितलं नाही, कारण मला सांगितलं असतं तर मला माझ्याच जिवाची लाज वाटली असती. तो डोळा माझ्यासाठी गेलाय, ओदील. त्याच्या डाव्या बाजूनं कुणी आलं तर त्याला ते कधीच दिसणार नाही. गेले काही दिवस मी त्याच्या डावीकडे चिकटून उडतोय. उतरल्यावर तो ओरडतो, 'इतका जवळ काय येतोस, लग्न करायचंय का?' पण मी निघून गेल्यावर तिथे कोण उडणार?

मी फार मोठ्या मनाचा आहे असं समजू नकोस. मी दोन दिवस काही न दिसल्यासारखं करून पाहिलं. म्हटलं, तो पहिल्यापासून नशिबाचा आहे. म्हटलं, मला पोर आहे, त्याला मागे कुणी नाही. हे तर मी इतक्यांदा म्हटलं की ते म्हणून म्हणून झिजलं. त्याला मागे कुणी नाही, कारण होते ते चिखलात गेले, आणि म्हणून तो स्वस्त झाला का? पेरीनला खांद्यावर घेऊन समुद्र दाखवायचा विचार करायला लागलो की लाटांच्या ऐवजी मला त्याचं विमान दिसायचं, डावीकडून पेटलेलं, आणि तो दुसरीकडेच बघतोय.

काल मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, लेओंसला पाठवा, तो माझ्यापेक्षा चांगला शिकवेल, पोरांना हसवत शिकवेल. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, 'त्याला उतरताना जमीन दिसत नाही, असंच ना?' मी म्हटलं, 'मला काही माहीत नाही, साहेब.' ते म्हणाले, 'मलाही नाही. तुला भीती वाटत नाही का रे?' मी म्हटलं, 'फार वाटते, साहेब.' ते म्हणाले, 'बरं आहे. ज्यांना वाटत नाही ते मला इथे नकोत.' एवढंच बोलणं झालं. लेओंसला त्यांनी संध्याकाळी हुकूम दिला आणि तो माझ्यासमोर येऊन डोकं खाजवत उभा राहिला. त्याच्या कानावर आलं होतं की माझं नाव जाणार होतं. 'तुझं नशीबच फुटकं, सायकलवाल्या,' म्हणाला, 'पण मी साहेबांना सांगून बघू का?' आणि तो खरोखर निघाला होता सांगायला. मी त्याला कोटाला धरून मागे ओढलं. मग माझी समजूत घालायला म्हणून त्यानं मला त्याचे लोकरीचे अस्तर असलेले बूट दिले. मला ते मोठे होतात. मी ते आता घालूनच बसलोय.

समोरच्या पोपलरच्या झाडांचे शेंडे दिसायला लागलेत. मघाशी नव्हते दिसत. मेकॅनिक विमानावरची ताडपत्री काढतोय, आणि माझं अक्षर बिघडलंय, ते तुला दिसत असेल.

हे पत्र टपालानं आलेलं नाही, पाकिटावर शिक्का नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. लेओंस त्या शाळेसाठी दक्षिणेला चाललाय, त्याची गाडी तुमच्या स्टेशनवर बदलते, म्हणून मीच त्याला म्हटलं की जाता जाता घरी जा, पोरीला बघून ये. म्हणजे तू हे वाचतेयस तेव्हा तो लाल मिशांचा माणूस तुझ्या स्वयंपाकघरात बसलाय, आणि बहुतेक पेरीनला मिशा ओढू देतोय. त्याला वाटतं साहेबांनी त्याला निवडलं. मी काय केलं, ते त्याला माहीत नाही, आणि मला त्याचा डोळा माहीत आहे हेही नाही. मी पेरीनच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडलाय. तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, आणि त्याच्याकडे कसं बघायचं ते तुला आधी माहीत असावं, म्हणून लिहिलं. तुला राग येणार, मला ठाऊक आहे. तो माझ्यासाठी राखून ठेव, मी आलो तर वसूल कर. त्याला त्यातला कणही दिसू देऊ नकोस. त्याला कळलं तर तो पुढच्याच गाडीनं इकडे परत येईल, आणि मग सगळंच वाया जाईल. त्याला गरम सूप दे, नको म्हणाला तरी दुसऱ्यांदा वाढ, आणि पेला त्याच्या उजव्या हाताला ठेव. माझ्या वतीनं पेरीनच्या डोक्यावर एकदा हात फिरव. मला खूप भीती वाटतेय, ओदील, आणि हे तुला सांगितल्यावर ती कमी झाली असंही नाही. ट्रक आलाय, लेओंस बाहेरून हाका मारतोय. आता डोळे पूस आणि वर बघ. तो विचारेल, एवढं मोठं काय लिहिलंय त्यानं? तेव्हा हस, आणि त्याला सांग, काही नाही, नेहमीचंच, धुकं आणि एरंडेल.

शब्द मोडून बसलेला, तरी तुझाच,
ब्लेझ